पेपर हातात पडला की हातपाय गार पडतात त्यांच्यासाठी: अंग सैल सोडण्याचा सहा आठवड्यांचा सराव

पेपरच्या आदल्या रात्री कुणीतरी सांगतं, ‘टेन्शन घेऊ नकोस, दोन दीर्घ श्वास घे.’ सकाळी हॉलमध्ये पोटात गोळा आलेला असताना तुम्ही ते दोन श्वास घेता आणि काहीच होत नाही. उलट ‘आता हेही जमत नाही’ अशी आणखी एक धास्ती वाढते. यात तुमचं काही चुकलेलं नाही. अंग सैल सोडणं ही पोहण्यासारखी अंगवळणी पाडायची गोष्ट आहे आणि बुडायला लागल्यावर कुणाला पोहायला शिकता येत नाही. सराव आधी झालेला असावा लागतो.

तो सराव कसा करायचा ते इथे पायरीपायरीने दिलं आहे. सुरुवातीला अंग सैल व्हायला १५ ते २० मिनिटं लागतात. सहा आठवड्यांनी तेच काम बाकावर बसल्या बसल्या, डोळे उघडे ठेवून, २० ते ३० सेकंदांत व्हायला हवं. पेपर लिहिताना उपयोग आहे तो या २० सेकंदांचाच. हॉलमध्ये कुणी चटई अंथरू देत नाही.

पद्धत नवी नाही. स्नायूंना आधी ताण द्यायचा आणि मग सोडायचा, ही रीत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात मांडली. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी तिला टप्प्याटप्प्याने आखूड करत नेण्याची रचना १९८७ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. खालच्या पायऱ्या त्याच रचनेवर बेतलेल्या आहेत, फक्त आपल्या सेमिस्टरच्या वेळापत्रकात बसतील अशा. शवासन येत असेल तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. फरक इतकाच की शवासनात थेट ‘अंग सैल सोडा’ म्हणतात आणि सतत आखडून राहिलेल्या माणसाला सैल म्हणजे नक्की काय हेच कळत नाही. आधी ताण दिला की फरक हाताला कळतो.

## सुरू करण्याआधी: तुमची भीती कुठे बसते?

परीक्षेच्या भीतीचे दोन भाग असतात, आणि हे वर्गीकरण १९६७ पासून वापरात आहे. एक भाग शरीराचा: धडधड, घशाला कोरड, तळहातांना घाम, पुन्हापुन्हा लघवीला लागणं. दुसरा भाग मनातल्या बडबडीचा: ‘केटी लागली तर’, ‘घरी काय सांगू’, ‘सगळे लिहितायत, मीच थांबलोय’. गुणांवर जास्त वाईट परिणाम हा दुसरा भाग करतो, कारण गणित सोडवताना जे आकडे डोक्यात धरून ठेवायचे असतात त्यांची जागा ही बडबड खाते. अंग सैल सोडण्याचा थेट परिणाम पहिल्या भागावर होतो. धडधड कमी झाली की बडबडीचा जोरही बराच ओसरतो, पण तिच्यासाठी वेगळा उपाय लागतो. तो सातव्या पायरीत आहे.

भीतीचं आणखी एक कारण असतं, आणि ते स्पष्ट बोललेलं बरं. पाचपैकी तीन युनिट उघडूनही पाहिलेली नसतील तर वाटणारी भीती खरी आहे. तिच्यावर उपाय अभ्यास हाच आहे. शिथिलीकरण अभ्यासाची जागा घेत नाही. ते फक्त केलेला अभ्यास वेळेवर हाताशी आणून देतं.

## लागणारं साहित्य

- पाठ आणि मान टेकेल अशी खुर्ची. होस्टेलवर तशी नसेल तर साधी खुर्ची भिंतीला लावा आणि डोक्यामागे उशी ठेवा.
- मोबाइल, विमान मोडवर. टायमर आणि रेकॉर्डिंग दोन्ही त्यातच होतं.
- एक छोटी वही, रोजच्या नोंदीसाठी.
- टिकल्यांचं एक पाकीट. कशाला ते पाचव्या पायरीत कळेल.
- तुमच्या विषयांच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका, शक्यतो छापील.
- लिहायला तेच पेन जे पेपरला वापरणार आहात.

पेपरच्या दिवशीसाठी वेगळी पारदर्शक पिशवी आतापासूनच भरून ठेवा: हॉलतिकीट, कॉलेजचं ओळखपत्र, चार पेनं, पेन्सिल, पट्टी, परवानगी असेल तर कॅल्क्युलेटर, साधं काट्यांचं घड्याळ, लेबल काढलेली पाण्याची बाटली. सकाळी हॉलतिकीट सापडत नाही म्हणून झालेली धावपळ दोन आठवड्यांचा सराव पुसून टाकते.

## पायरी १: ताण द्या, मग सोडा (पहिले दोन आठवडे)

दिवसातून दोनदा, दर वेळी १५ ते २० मिनिटं. एक वेळ सकाळची ठेवा आणि दुसरी संध्याकाळी मेसला जाण्यापूर्वीची. जेवल्यावर लगेच नको, आणि अंथरुणात तर नकोच. आडवं पडून केलं की झोप लागते. झोप छान लागेल, पण शिकणं होणार नाही. शिवाय पेपर तुम्ही बसून देणार आहात, म्हणून शरीराला बसूनच शिकवा.

चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढा, पट्टा सैल करा, चपला काढा. वहीत ताणाचा आकडा लिहा: शून्य म्हणजे गाढ शांत, दहा म्हणजे आता पळून जावंसं वाटतंय. मग खालच्या क्रमाने एकेक भाग घ्या. प्रत्येकाला ५ सेकंद ताण, मग १० ते १५ सेकंद मोकळं. ताण अंगात असलेल्या जोराच्या दोन-तृतीयांश इतकाच.

- उजवी मूठ, मग डावी मूठ
- दोन्ही दंड: कोपरात हात दुमडून
- कपाळ: भुवया वर चढवून
- डोळे आणि नाक: डोळे घट्ट मिटून, नाक आक्रसून
- जबडा: दाढा एकमेकींवर हलकेच दाबून, जीभ टाळूला लावून
- मान: हनुवटी छातीकडे नेऊन
- खांदे: कानांपर्यंत वर उचलून
- छाती: श्वास भरून तेवढे ५ सेकंद धरून
- पोट: कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं कडक करून
- मांड्या: टाचा जमिनीत रोवून
- पोटऱ्या: पायाची बोटं स्वतःकडे ओढून

मूठ सोडण्याचा क्षण नीट पाहा, कारण सगळी किल्ली तिथे आहे. मूठ एकदम सोडायची. फूल उमलल्यासारखी हळूहळू उघडत गेलात तर स्नायू काम करतच राहतो. एकदम सोडली की तळहातात ऊब येते, बोटांच्या टोकांना बारीक झिणझिण्या जाणवतात आणि बोटं मांडीवर अर्धवट वाकलेली पडून राहतात. ती अर्धवट वाकलेलीच असायला हवीत. सरळ ताठ दिसत असतील तर हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू अजून ओढलेले आहेत, म्हणजे सोडणं पूर्ण झालेलं नाही. पुन्हा एकदा मूठ वळा आणि सोडा. हा फरक एकदा हातात ओळखता आला की खांद्यात आणि जबड्यातही ओळखता येतो.

शेवटी एक मिनिट तसंच बसा, वहीत पुन्हा आकडा लिहा आणि सावकाश उठा. झटकन उठलात तर चक्कर येऊ शकते.

या पायरीत काय बिघडतं:

पायात गोळा येतो. पायाची बोटं खाली रोवली की पोटरीत वांब उठतो, म्हणून ती वर ओढायची. तरीही आला तर ताण निम्मा करा.

ताण देताना श्वास रोखला जातो. छातीची पायरी सोडून बाकी सगळीकडे श्वास चालू हवा. पाच आकडे ओठांतल्या ओठांत म्हणा, म्हणजे रोखता येणार नाही.

मान मागे झटकली जाते. मान फक्त पुढे न्यायची. मानेचं, कंबरेचं किंवा जबड्याचं दुखणं असेल तर तो भाग गाळा, तेवढ्याने काही अडत नाही.

‘अजून कसं शांत वाटत नाही’ म्हणून तुम्ही स्वतःवर पहारा ठेवता. पहिल्या चार-पाच दिवसांत आकडा सातवरून सहावर आला तरी पुष्कळ आहे. शांत वाटलंच पाहिजे असा हट्ट धरला की तोच नवा ताण होतो. स्नायूंकडे लक्ष द्या, मनाचं मन पाहून घेईल.

काही जणांना सैल सोडल्यावर उलट घाबरल्यासारखं होतं, ताबा सुटतोय असं वाटतं. असं होणाऱ्यांची संख्या कमी असली तरी हा ओळखीचा अनुभव आहे आणि त्यात वेड लागण्याचं काही नाही. डोळे उघडे ठेवा, फक्त हात आणि खांदे एवढेच घ्या आणि वेळ पाच मिनिटांवर आणा. आठवडाभरानेही तसंच होत असेल तर ही पायरी समुपदेशकाच्या सोबतीने करा.

सूचना तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या. ॲपमधल्या इंग्रजी सूचना मनात मराठी करत ऐकाव्या लागत असतील तर डोकं कामालाच लागलेलं राहतं. घरी जे बोलता तेच शब्द वापरा: ‘मूठ आवळ… सोड.’ रूम-पार्टनर हसेल याची लाज वाटत असेल तर त्यालाही बसवा. दोघांचा नेम टिकतो.

## पायरी २: ताण न देता सोडा (तिसरा आठवडा)

आता ५ ते ७ मिनिटं पुरतात. ताण द्यायचा नाही. डोक्यापासून खाली उतरत प्रत्येक भागाशी जरा थांबायचं आणि तो सोडायचा: कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, दंड, बोटं, छाती, पोट, मांड्या, पोटऱ्या, तळवे. एखादा भाग ऐकत नसेल (बहुतेकांचा जबडा किंवा खांदे ऐकत नाहीत) तर फक्त त्यालाच एकदा ताण देऊन सोडा. दिवसातून दोनदाचा नेम तसाच ठेवा.

## पायरी ३: सोडलेल्या श्वासाला एक शब्द बांधा (चौथा आठवडा)

आधी श्वासाबद्दलचा एक गैरसमज काढून टाकू, कारण तो फार मुलांना त्रास देतो. घाबरल्यावर छाती भरभरून मोठमोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. मग डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही असं वाटतं आणि माणूस आणखी मोठा श्वास घेतो. दीर्घ श्वासाचा सल्ला उलटतो तो असा. खरं काम सोडलेला श्वास करतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. हे तुमच्या मनगटावर आत्ताच तपासता येईल. म्हणून घेणं साधं ठेवायचं आणि सोडणं लांबवायचं.

एक हात पोटावर ठेवा. नाकाने, चार मोजेपर्यंत, नेहमीइतकाच श्वास घ्या. पोटावरचा हात वर यावा, खांदे हलू नयेत. मग सहा मोजेपर्यंत सोडा, गरम चहावर फुंकर घालतो तितक्या हलकेपणाने. ही लय बसली की मोजणं बंद करा आणि सोडताना मनात एक शब्द म्हणा. ‘सैल’ हा शब्द चांगला, कारण तो लांबवता येतो. नामस्मरणाची सवय असेल तर तेच नाम घ्या. अट एकच: शब्द फक्त श्वास सोडतानाच यायला हवा आणि रोज तोच हवा. आधी दुसऱ्या पायरीप्रमाणे अंग सैल करा आणि मग २ ते ३ मिनिटं हा श्वास. तीन आठवड्यांच्या मेहनतीने आलेलं सैलपण आता या शब्दाला चिकटतं आणि पुढे तो नुसता उच्चारला तरी खांदे खाली येतात.

दम्याचा त्रास असेल तर मोजदाद अजिबात नको, श्वास जसा चालतो तसा चालू द्या आणि फक्त शब्द जोडा.

## पायरी ४: लिहिता लिहिता सैल (पाचव्या आठवड्याचे पहिले चार दिवस)

बसलेल्या माणसाला लिहायला किती स्नायू लागतात? हात, मनगट, पाठ ताठ ठेवण्यापुरते थोडे आणि डोळे. कपाळ, जबडा, डावा हात, मांड्या यांचं तिथे काहीच काम नसतं. तरी पेपरात तेच सर्वांत जास्त आवळलेले असतात.

मागची प्रश्नपत्रिका समोर घ्या आणि टेबलाशी बसून एक उत्तर लिहायला लागा. पाचेक ओळी झाल्या की लिहिणं न थांबवता पाहा: जीभ टाळूला चिकटली आहे का? डावा हात कागद नुसता धरतोय की दाबतोय? पाय खुर्चीच्या पायांना विळखा घालून बसलेत का? जे विनाकारण आवळलेलं सापडेल ते सोडा, लिहिणं चालूच ठेवा.

आता पेनाची पकड पाहा. पेन फार दाबलं की तर्जनीचं पेर पांढरं पडतं, मधल्या बोटावर खळगा उमटतो आणि अक्षर मागच्या पानावरही उठतं. असा पेपर लिहिणाऱ्याचा हात दीड तासात भरून येतो आणि मग शेवटचे दोन प्रश्न अर्धवट राहतात. पकड इतकी सैल हवी की शेजाऱ्याने पेन सहज काढून घ्यावं. अक्षर दोन दिवस जरा वाकडंतिकडं येईल, मग बसेल. हेच उभं राहून आणि चालतानाही करून पाहा. लोकलमध्ये किंवा एसटीत दांडा धरून उभे असाल तेव्हा लागतो तेवढाच हात घट्ट ठेवा, बाकी सगळं सोडा.

## पायरी ५: टिकलीचा सराव (पाचव्या आठवड्याचा उरलेला भाग)

टिकल्या काढा. एक मोबाइलच्या पाठीवर, एक पाण्याच्या बाटलीवर, एक खोलीच्या दाराच्या कडीपाशी, एक टेबलावरच्या दिव्यावर. टिकली दिसली की तीन गोष्टी करायच्या: एक ते तीन लांब श्वास सोडायचे, दर श्वासाला तुमचा शब्द म्हणायचा, आणि कपाळापासून पायापर्यंत झरझर नजर फिरवून आवळलेलं सोडायचं. २० ते ३० सेकंद, दिवसातून १५ ते २० वेळा. दर दोन दिवसांनी टिकल्यांच्या जागा बदला, नाहीतर डोळ्यांना त्या दिसेनाशा होतात.

हा सराव तुम्ही शांत असतानाच करायचा आहे. बरेच जण भीती वाटली तरच करतात, आणि मग शरीर या श्वासाचा संबंध भीतीशीच जोडतं.

परीक्षेत मात्र टिकली नको. हॉलतिकिटावर, पट्टीवर, हातावर कोणतीही खूण किंवा अक्षर असलं की कॉपीचा संशय येतो. उत्तरपत्रिकेवर देवाचं नाव किंवा ओळख पटेल अशी खूणही करू नका, गैरप्रकारात धरलं जाऊ शकतं. हॉलमध्ये जे आपोआप घडतं तेच निमित्त धरा: घंटा, सुपरवायझरने सही करायला येणं, नवं पान उलटणं, पुरवणी मागायला हात वर करणं. पान उलटलं की एक श्वास सोडायचा, एवढं घरी प्रश्नपत्रिका सोडवताना पक्कं करा.

## पायरी ६: धडधड मुद्दाम आणा (सहावा आठवडा)

खोलीत जमलेलं हॉलमध्ये जमतंच असं नाही, कारण तिथे हृदय आधीच पळत असतं. म्हणून ते पळवूनच सराव करायचा. तीन मजले झपाझप जिने चढा, वर्गात किंवा वाचनालयात येऊन थेट बाकावर बसा आणि घड्याळ लावून एक प्रश्न सोडवायला घ्या. आधी ३० सेकंद टिकलीचा सराव, मग लेखन. (हृदयाचा किंवा दम्याचा आजार असेल तर जिने वगळा.) ठोके लगेच खाली येणार नाहीत, आणि इथेच खरी गोष्ट शिकायला मिळते: छाती धडधडत असतानाही उत्तर लिहिता येतं.

सराव सोप्याकडून अवघडाकडे न्या. आधी एकट्याने वेळ लावून, मग मित्राला सुपरवायझर करून, मग युनिट टेस्टला किंवा इंटर्नलला. इंटर्नलचे गुण कमी असतात म्हणून ती उरकून टाकू नका, या सरावासाठी तिच्यासारखी जागा नाही.

पुस्तक बंद करून स्वतःला प्रश्न विचारत केलेला अभ्यास ताणाखालीही चांगला आठवतो, नुसता पुन्हापुन्हा वाचलेला लवकर निसटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच दिसलं होतं. म्हणून पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, हायलायटर कमी आणि कोरा कागद जास्त वापरा.

## पायरी ७: पेपरचा दिवस

अर्धा तास आधी. हॉलबाहेरच्या घोळक्यात थांबू नका. ‘तो टॉपिक केलास का? शंभर टक्के येणार आहे’ हे वाक्य कानावर पडलं की केलेलंही विसरल्यासारखं होतं. जरा लांब बसा आणि मनातली बडबड दहा मिनिटं कागदावर उतरवा: कशाची भीती वाटते, काय होईल असं वाटतं, सगळं जसं येईल तसं. व्याकरण नको, कुणाला दाखवायचंही नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगांत परीक्षेआधी असं लिहिणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारलेले आढळले. कागद फाडून कचऱ्यात टाका. खिशात ठेवून आत नेऊ नका, तिथे तो कॉपी ठरेल.

बाकावर बसल्यावर. पाय पूर्ण टेकवा. बैठक क्रमांक लिहिण्याआधी दोन श्वास सोडा, क्रमांक चुकण्याची वेळ हीच असते. पेपर हाती आला की पहिल्या वाचनात उत्तरं आठवायची नाहीत, फक्त येणाऱ्या प्रश्नांवर खूण करायची (प्रश्नपत्रिकेवर खूण चालत नसेल तर मनात). जो प्रश्न सर्वांत पक्का आहे तो पहिला लिहा.

मध्येच सगळं कोरं झालं तर. हे होऊ शकतं, सराव केलेल्यांनाही. तेव्हा असं करा:

1. पेन खाली ठेवा. हातात राहिलं तर हात आवळलेलाच राहतो.
2. पायांचे तळवे जमिनीवर, ढुंगण मागे सरकवून पाठ टेकवा. खांदे एकदा कानांपर्यंत नेऊन एकदम सोडा.
3. तीन लांब श्वास सोडा, प्रत्येकाला तुमचा शब्द. डोळे उघडे, नजर स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर. इकडेतिकडे पाहिलं तर सुपरवायझर येईल.
4. हरवलेल्या मुद्द्याच्या मागे लागू नका. त्याला चार-पाच ओळींची जागा सोडा आणि दुसऱ्या सोप्या प्रश्नावर जा. शोधणं थांबवलं की तो बहुतेक वेळा आपणहून येतो.
5. आला की आधी त्याचे दोन शब्द कच्च्या कामाच्या पानावर टिपा, हातातलं उत्तर पूर्ण करा, मग मागे या.

याला अर्धा मिनिट लागतं. तीन तासांत सहा वेळा करावं लागलं तरी १८० पैकी तीन मिनिटं गेली. घाबरून एकाच प्रश्नावर अडकलं की वीस मिनिटं जातात.

## पायरी ८: व्हायवा

इथला ताण वेगळा, कारण इथे वाट बघणं असतं. एक्स्टर्नल उशिरा येतात, रोल नंबरप्रमाणे रांग लागते, आणि बाहेर आलेला प्रत्येक जण ‘काय विचारलं?’ या प्रश्नाला नवं उत्तर देतो. जर्नल छातीशी कवटाळून उभे राहू नका, खांदे तिथेच गोठतात. बाजूला धरा. गुडघे किंचित वाकलेले ठेवा, आणि पाच-पाच मिनिटांनी थोडं चाला. आत बोलावल्यावर दारातच एक श्वास पूर्ण सोडा.

आवाज कापतो तो बहुतेक वेळा छाती भरून ठेवून बोलायला लागल्यामुळे. प्रश्न संपला की आधी श्वास सोडा, एक साधा श्वास घ्या आणि मग बोला. तुम्हाला ती शांतता फार लांब वाटेल, समोरच्याला तो विचार वाटतो. प्रश्न कळला नाही तर ‘सर, प्रश्न पुन्हा सांगाल का?’ असं सरळ विचारा. येत नसेल तर ‘हे मला येत नाही, सर’ म्हणून पुढच्या प्रश्नाला मोकळे व्हा. गोलगोल बोलत राहिलं की धडधड वाढत जाते.

## वेळ कमी असेल तर

तीन आठवडे असतील तर पहिली पायरी एक आठवडा, तिसरी चार दिवस, मग पाचवी आणि सातवी. तीनच दिवस असतील तर फक्त चार-सहाचा श्वास आणि ‘कोरं झालं तर’ची यादी रोज दहा वेळा. त्याने भीती जाणार नाही, पण हॉलमध्ये काय करायचं ते तरी ठाऊक असेल.

## गोळ्या, चहा आणि मदत कधी घ्यायची

चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच तासांनंतरही शरीरात असतो. रात्री अकराची कॉफी पहाटे चारलाही काम करत असते, आणि सकाळी ‘धडधडतंय’ म्हणून आपण घाबरतो. पेपरच्या दिवशी कप वाढवू नका आणि रोजचा एकदम बंदही करू नका, डोकं दुखतं.

मित्राने दिलेली ‘धडधड थांबवायची गोळी’ घेऊ नका. अशा गोळ्यांपैकी प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला धोकादायक ठरू शकते. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं. औषध लागत असेल तर ते डॉक्टरच ठरवतील. परीक्षा नसतानाही धडधड, थरथर, वजन घटणं चालू असेल तर थायरॉइड आणि रक्तक्षय तपासून घ्या.

भीतीने पेपर सोडून बाहेर आला असाल, आठवडे झाले तरी झोप नसेल, जेवण जात नसेल, तर हा सराव एकट्याने पुढे रेटू नका. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर पेपर संपेपर्यंत थांबायचं नाही. त्याच तासाला घरच्यांना, मित्राला किंवा वॉर्डनला सांगा आणि हा नंबर लावा. केटी पुढच्या सत्रात सुटते.

## पेपर संपल्यावर

गेटवर उत्तरं जुळवत बसू नका, पुढचा पेपर उद्या असेल तर नक्कीच नाही. खोलीवर या, दुसऱ्या पायरीप्रमाणे सात मिनिटं बसा आणि वहीत दोन ओळी लिहा: ताण कधी चढला, कशाने उतरला. चार पेपरांच्या नोंदी झाल्या की तुमची जागा सापडते. कुणाची ती प्रश्नपत्रिका वाटतानाची असते, कुणाची शेजाऱ्याने पुरवणी मागितल्याची. पुढच्या पेपरला त्या क्षणाच्या आधीच श्वास सोडायला लागा.

सेमिस्टर संपल्यावर रोज दोन-चारदा टिकलीचा सराव चालू ठेवला तर पुढच्या वेळी चौथ्या पायरीपासून सुरू करता येतं. दोन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर आधी एक आठवडा पुन्हा मूठ आवळण्या-सोडण्यापासून.